डबीला न दिसलेली ट्रॉली

कळमनुरीहून आखाडा बाळापूरकडं निघालं की वाटेत रस्त्यापासून जरा आत एक तांडा आहे. सेवा राठोड तिथला. वय पन्नासच्या पुढंमागं. नेमकं त्यालाही ठाऊक नाही, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी अर्ध्या तांड्याला एकच जन्मतारीख देऊन टाकली होती. सव्वीस वर्षं तो गाडी चालवत होता, त्यातली चौदा हिंगोलीच्या तातेरावांकडं. तातेरावांची आयशर. मोंढ्याच्या बाजारातून हळदीचे कट्टे भरायचे, नांदेडला उतरवायचे, येताना किराणा किंवा सिमेंट जे मिळेल ते आणायचं. रस्ता इतका पाठ की कुठल्या गावाच्या फाट्यावर कुठलं कुत्रं गाडीमागं धावतं हेही त्याला माहीत होतं.

आणि रस्त्यावरचं बोलणं पाठ होतं. समोरून येणाऱ्यानं दोनदा दिव्यांचा डिपर मारला की पुढं काहीतरी आहे. झाड पडलंय, गाडी उलटलीय, नाहीतर साहेब लोक पावती पुस्तक घेऊन उभे आहेत. पुढच्या गाडीच्या खिडकीतून हात बाहेर आला आणि वरखाली हलला तर हळू हो. ज्यानं सांगितलं त्याला जाता जाता हॉर्नचा एक बारीक टिपका द्यायचा. आभार मानायची तीच पद्धत. सेवानं उभ्या आयुष्यात तो टिपका कधी चुकवला नव्हता.

दिवाळी झाल्यावर तातेरावांनी त्याला सांगितलं, "वारंगा फाट्यावर शंकरसिंगच्या ढाब्यावर एक मॅडम येणार हायेत. गाडीला यंत्र बसवून घे. फुकट हाय."

फुकटच्या गोष्टीला नको म्हणण्यात तातेरावांचा जन्म गेला नव्हता. सेवा गाडी घेऊन गेला. मॅडम म्हणजे पंचविशीतली पोरगी, पुजा नावाची, मूळची वसमतची. तिनं स्टेअरिंगच्या बाजूला एक काळी डबी बसवली आणि केबिनच्या टपावर बोटभर उंचीची एक शेंडी उभी केली.

"काका, आता तुमची गाडी दुसऱ्या गाड्यांशी बोलणार," ती म्हणाली. "ज्या गाडीत अशी डबी आहे, तिच्याशी. मोठ्या शहरांत हे सगळ्या गाड्यांना बसवायचं आहे. सिग्नलचे खांबसुद्धा गाड्यांशी बोलतील. त्याआधी मोकळ्या रस्त्यावर चालतं का ते बघायचं, म्हणून हिंगोली ते नांदेड चाळीस गाड्या घेतल्यात."

"शहरात बसवायचं तर शहरातच काहून न्हाई बघत?"

"तिथं फार गर्दी असते, काका."

"गर्दीसाठीच हाय ना मंग हे?"

पुजा हसली. सेवाच्या डोक्यात तो पहिला गुंता राहिला.

सुरुवातीला डबीनं त्याला वात आणला. तिच्यातून एका बाईचा आवाज यायचा, पुस्तकातल्या मराठीत. मोंढ्यात दोन डबीवाल्या गाड्या शेजारी उभ्या राहिल्या की ती बाई "सावधान, बाजूला वाहन आहे" म्हणत सुटायची. वाहन तर डोळ्यासमोर उभं असायचं, त्याचा ड्रायव्हर टायरला टेकून तंबाखू मळत असायचा. सेवानं डबीवर गमछा टाकून पाहिला. आवाज काही कमी झाला नाही.

मग पौषातली ती सकाळ आली.

पावणेसातची वेळ. कयाधूच्या अंगानं असं धुकं चढलं होतं की बोनेटच्या पुढं पांढरी भिंत. सेवा कळमनुरी सोडून नांदेडकडं निघाला होता. गाडीत नऊ टन हळद. रस्ता पाठ होता म्हणून तो चाळीस-पंचेचाळीसनं चालला होता. खरं तर पंचविसानं चालायला हवं होतं, हे त्यानं नंतर स्वतः कबूल केलं.

आणि डबीतली बाई बोलली, "पुढे वाहनाने अचानक ब्रेक लावला आहे. वेग कमी करा."

पुढं काहीच नव्हतं. दिवा नाही, आवाज नाही. तरी पाय आपोआप ब्रेकवर गेला. का गेला ते त्यालाही सांगता येत नाही. बायकोनं "अहो, जपून" म्हटलं तर तो पाय कधी हलला नव्हता. गाडी रखडत रखडत हळू झाली, दहाच्या वेगावर आली, आणि धुक्यातून एकदम उसाची ट्रॉली पुढ्यात उभी राहिली. उसाची वाढं काचेला टेकतील एवढ्यावर आयशर थांबली.

सेवानं इंजिन बंद केलं. मग खाली उतरला. ट्रॉली रस्त्याच्या मध्यात उभी होती. मागं दिवा नाही, दगड नाही, झाडाची फांदीसुद्धा नाही. तिच्या चाकाखाली जॅक लावून बसला होता विकास, सेवाच्या सख्ख्या भावाचा पोरगा. कारखान्याला ऊस घेऊन निघाला होता आणि टायर बसला होता.

"मरायचं हाय का तुला?" सेवा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता.

"काका, आत्ताच बसला टायर. आत्ताच."

सेवानं त्याला जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. मग गाडीतली टॉर्च काढली, लाल गमछा तिच्यावर गुंडाळून मागं रस्त्यावर ठेवली, आणि पुतण्याला टायर बदलू लागला. दहा-अकरा मिनिटं गेली. निघताना मात्र विकासच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुझ्या ट्रॉलीनंच सांगितलं मला. न्हाईतर आज दोघं बी गेलो असतो."

विकासला काही कळलं नाही. तो नुसता मान हलवत राहिला.

चार दिवसांनी पुजा डब्या तपासायला शंकरसिंगच्या ढाब्यावर आली. सेवानं तिला अख्खी हकिगत सांगितली आणि डबीवर हात ठेवून म्हणाला, "लई बेस हाय बाई तुमचं यंत्र. धुक्यातून ट्रॉली दिसली त्याला."

"काका, ट्रॉलीला डबी होती?"

"ट्रॉलीला कुठली डबी? दिवा न्हाई तिला."

"मग ट्रॉली त्याला दिसलेली नाही. याला डोळे नाहीत. हे फक्त दुसऱ्या डबीचं ऐकतं."

"मंग सांगितलं कोणी?"

"पुढं कुठलीतरी डबीवाली गाडी असणार. तिनं जोरात ब्रेक मारला. तिच्या डबीनं तुमच्या डबीला कळवलं."

"कोणती गाडी?"

"ते यात कळत नाही. मुद्दाम तसं केलंय. प्रत्येक गाडी बोलते ती खोट्या नावानं, आणि ते नावही दर काही मिनिटांनी बदलतं. नाहीतर कोण कुठं गेलं यावर कुणीही पाळत ठेवेल."

सेवा बाजेवर बसला. शंकरसिंगनं त्याच्यापुढं चहा ठेवला, तो तसाच निवला. पुढं गाडी होती. पण त्यानं तर पाहिली नव्हती. तिनं ब्रेक मारला म्हणून तो वाचला. आणि तिला नाव नाही.

"म्हणजे निनावी चिठ्ठी," शंकरसिंग म्हणाला.

"चिठ्ठी लिहिणाऱ्याला ठाऊक तरी असतं, आपून लिहिली म्हणून," सेवा म्हणाला.

त्या दिवसापासून तो विचारत सुटला. शंकरसिंगच्या ढाब्यावर जी डबीवाली गाडी थांबे, तिच्या ड्रायव्हरला. बाबा, त्या दिवशी सकाळी पावणेसातला कळमनुरीच्या पुढं तू व्हतास का? ब्रेक मारलास का? एक म्हणाला मी त्या दिवशी घरी होतो. एक म्हणाला, ब्रेक तर रोज शंभर वेळा मारतो, कोणता धरू? एका तरुण ड्रायव्हरनं सरळ विचारलं, "काका, सापडला तर काय करून राहिले? पोलिसात देता का?"

"हॉर्न द्यायचा राहिला त्याचा," सेवा म्हणाला.

बाजूची माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

शेवटी धागा घरातच सापडला. एक दिवस विकास काही कामानं घरी आला होता. शकुंतलाबाई, सेवाची बायको, त्याला जेवायला वाढत होती. सेवानं सहज म्हटलं, "त्या दिवशी माझ्या आधी कोणी गाडी गेली काय रे?"

विकासनं घास खाली ठेवला. "गेली की. बस गेली."

"कवा?"

"तुमी यायच्या आधी. अर्धं मिनिट असल, न्हाईतर त्याहून कमी. ती हिरवी बस, बिनआवाजाची. एकदम अंगावर आली. टायर असे किंचाळले, काका, मी आडवा झालो जमिनीवर. बाजूनं कशीबशी निघून गेली. बाई चालवत व्हती. खिडकीतून ओरडली माझ्यावर."

"हे मला तवाच काहून न्हाई सांगितलं?"

"तुमी आधीच एवढं बोलत व्हते. आणखी सांगितलं असतं तर मारलंच असतं."

ते खोटं नव्हतं.

हिरव्या बसगाड्या विजेवर चालायच्या. एका कंत्राटी कंपनीच्या होत्या, आणि डब्यांच्या प्रयोगात त्याच कंपनीचा हात होता. दुसऱ्या दिवशी हिंगोलीला गाडी भरायला वेळ होता म्हणून सेवा त्या बसगाड्या चार्जिंगला लावतात त्या ठिकाणी गेला. तिथल्या माणसाला विचारलं, पौषातल्या त्या दिवशी सकाळच्या गाडीवर कोण बाई होती.

"सपना मॅडम. सध्या ड्युटीवर नाहीत. चौकशी लावली आहे."

"कशाची?"

"विनाकारण ब्रेक मारला म्हणून. एका म्हातारीचा हात मोडला ना गाडीत."

सेवाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यानं दोनदा विचारून पत्ता घेतला.

सपना कांबळेचं घर दोन खोल्यांचं होतं. दार तिच्या आईनं उघडलं, जनकाबाईंनी. अनोळखी ड्रायव्हर दारात पाहून त्यांना तो कंपनीचाच माणूस वाटला आणि त्या म्हणाल्या, "लेखी दिलं ना तिनं. आता काय राहिलं?"

"मी कंपनीचा न्हाई, बाई. मी आभार मानायला आलो."

जनकाबाईंना हे काही उलगडलं नाही. त्यांनी लेकीला हाक मारली. सपना तिशीच्या आतली, सडपातळ, आणि चेहऱ्यावर आठ दिवसांची झोप राहिलेली. सेवानं उभ्याउभ्याच सांगायला सुरुवात केली. धुकं, डबी, ब्रेक. ती ऐकत होती. ट्रॉलीचं नाव निघालं तशी ती एकदम पुढं आली.

"तुम्ही ट्रॉली पाहिली?"

"पाहिली म्हणजे? तिच्या मागं उभा व्हतो मी. टायर बदलू लागलो."

सपना भिंतीला टेकून खाली बसली. आई पाणी घेऊन आली ते सेवासाठी होतं, पण तेच सपनानं पिऊन टाकलं.

मग तिनं सांगितलं. बसच्या डबीत नोंद आहे की जोरात ब्रेक लागला. त्याच नोंदीत आहे की त्या वेळी समोर एकही वाहन नव्हतं. कॅमेऱ्यात पाहिलं तर नुसतं पांढरं. प्रवासी झोपलेले, म्हातारी पडली तेव्हा जागे झाले. तिनं आधी म्हातारीला बाळापूरच्या दवाखान्यात पोचवलं, मग कळवलं. दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस जागा बघून आला. रस्ता रिकामा. त्यांनी तिला विचारलं, फोनवर होतीस का? डुलकी लागली होती का?

"मी ट्रॉली, ट्रॉली म्हणत राहिले. ते म्हणतात, सिस्टीममध्ये ट्रॉली नाही."

"सिस्टीममधी कशी राहील? डबीच न्हाई तिला."

"तेच," सपना म्हणाली. "ज्याच्याकडं डबी नाही ते रस्त्यावर नाही."

चहा झाला. सेवानं विषय परत आपल्या कामावर आणला. "बाकी काही असो, ताई. तुमी सांगितलं म्हणून मी वाचलो."

"काका, मी तुम्हाला काहीच सांगितलं नाही. तुम्ही मागं आहात हे मला माहीतही नव्हतं. मी माझ्या गाडीपुरता ब्रेक मारला."

सेवा मनात जुळवू लागला. तिनं सांगितलं नाही. डबीला कळत नाही. मग सांगितलं कोणी? पण निरोप तर पोचला होता, बराबर त्याच्यापर्यंत.

"मंगळवारी चौकशी आहे," सपना म्हणाली. "येता का सांगायला?"

"येतो की," तो म्हणाला. तोंडातून निघून गेलं. आणि कळमनुरीच्या वाटेला लागल्यावर त्याच्या ध्यानात आलं की ट्रॉली पाहिली म्हटलं की कोणाची ते येणारच.

तो सरळ भावाच्या घरी गेला. विकासनं सगळं ऐकून घेतलं. पोरगा तसा समजदार. चिडला नाही, पण त्याचा चेहरा उतरला.

"काका, ट्रॉली व्हती म्हणा. कोणाची ते दिसलं न्हाई म्हणा. धुकं तर व्हतंच. माझं नाव गेलं तर कारखान्यात तकलीफ व्हईल. म्हातारीच्या हाताचा भार बी माझ्यावरच येईल."

"बराबर हाय," सेवा म्हणाला.

घरी येऊन त्यानं बायकोला विचारलं. शकुंतलाबाई म्हणाली, "त्यात खोटं कुठं हाय? ट्रॉली व्हती, एवढं सांगा न गप बसा. बाईचं काम झालं, आपल्या लेकराचं बी झालं."

तेही बरोबर होतं. सगळ्यांचंच बरोबर होतं. त्यामुळेच सेवाला चैन पडेना. दोन दिवस गाडी चालवताना तो मनातल्या मनात वाक्य घोटत राहिला: ट्रॉली होती, साहेब, कोणाची ते दिसलं नाही. पाठ झालं तेव्हा त्याला हायसं वाटलं.

मंगळवारी चार्जिंगच्या जागेशेजारच्या खोलीत चौकशी झाली. शहरातून एक साहेब आले होते, शांत आणि सभ्य. बाजूला पुजा लॅपटॉप घेऊन बसली होती, कारण डब्यांची नोंद तिच्याकडं. सपना एका खुर्चीवर, हात मांडीत. सेवाला समोर बसवलं.

"राठोड, तुम्ही बस पाहिली का?"

"न्हाई."

"ब्रेक लागताना पाहिला? टायरचा आवाज ऐकला?"

"न्हाई, साहेब. माझ्या गाडीच्या आवाजात कुठं ऐकू येणार?"

"मग तुम्ही ऐकलं काय?"

"बाईचा आवाज ऐकला."

साहेबांनी सपनाकडं पाहिलं. "यांचा?"

"न्हाई. डबीतल्या बाईचा."

साहेबांनी पेन खाली ठेवला. "म्हणजे तुम्ही बस पाहिली नाही, ऐकली नाही. तुम्ही नेमके साक्षीदार कशाचे?"

सेवानं विचार केला. प्रश्न वाजवी होता. "तेच मला बी कळंना, साहेब," तो म्हणाला.

पुजानं लॅपटॉप पुढं सरकवला. सेवाच्या सहीनं तिनं आयशरच्या डबीची नोंद काढली होती आणि बसच्या नोंदीशेजारी लावली होती. सहा बावन्नला बसनं ब्रेक मारला. त्याच क्षणी आयशरला निरोप मिळाला. आयशर तेव्हा अडीचशे मीटर मागं होती. मग आयशर हळू झाली, आणि बस जिथून बाजूला वळली त्याच्या दहा-बारा मीटर पुढं येऊन उभी राहिली.

"आणि तिथं ही गाडी अकरा मिनिटं उभी आहे, सर," पुजा म्हणाली. "रस्ता रिकामा असता तर अकरा मिनिटं उभं राहायचं कारण काय?"

साहेब सेवाकडं वळले. "का उभे होता?"

"आधी भांडत व्हतो. मंग टायर बदलू लागलो."

"कोणाशी भांडत होता?"

"माझ्या पुतण्याशी."

बोलून झालं. दोन दिवस घोटलेलं वाक्य ओठांवर होतं, पण तो प्रश्न विचारलाच नव्हता कोणी. ट्रॉली कोणाची, असं साहेब विचारतील आणि आपण दिसलं नाही म्हणू, अशी त्याची तयारी होती. भांडला कोणाशी, या प्रश्नाची तयारी नव्हती. आपण विकासचं नाव घेतलं, की ते आपल्याकडून निघून गेलं, हे त्याला पुढंही कधी नीट ठरवता आलं नाही.

साहेबांनी विचारलं, त्यानं नाव सांगितलं. विकास राठोड. त्यांनी लिहून घेतलं. "ते आमचं काम नाही," ते म्हणाले, "पण रकाना आहे, भरावा लागतो."

आठवड्याभरात सपना कामावर रुजू झाली. पत्रात लिहिलं होतं की चालकाचा निष्काळजीपणा आढळला नाही. त्याच पत्राच्या शेवटी, धुक्यात वेग आणखी कमी ठेवावा, अशी समजही होती. तिनं सेवाला फोन करून पत्र वाचून दाखवलं आणि विचारलं, "यात मी सुटले की अडकले, काका?"

"सुटल्या," सेवा म्हणाला, पण त्याची खात्री नव्हती.

रकान्यातलं नाव मात्र कागदावर थांबलं नाही. कंपनीनं कारखान्याला कळवलं. कारखान्यानं विकासची ट्रॉली चार दिवस गेटवर घेतली नाही, मागं लाल पट्ट्या आणि दिवा लावून आण म्हणाले. तोडलेला ऊस फडात वाळला. पोलिसात कोणी गेलं नाही, म्हातारीच्या हाताचा खर्च कंपनीनंच केला. पण विकासनं सेवाशी बोलणं टाकलं. भावाच्या घरून येणं-जाणं थांबलं. शकुंतलाबाई मागच्या दारानं जाऊन जावेशी बोलून यायची आणि आल्यावर नवऱ्याला काही सांगायची नाही.

"तुमाला एवढं पाठ करून दिलं व्हतं," एकदाच ती म्हणाली.

"त्यांनी प्रश्न दुसराच विचारला," सेवा म्हणाला.

होळीला तांड्यात सगळे एकत्र आले. ढोल वाजत होता, होळीची लेंगी गाणी चालली होती. विकास आला, रीत म्हणून सेवाच्या पायाला हात लावला आणि उठून बायामाणसांच्या गर्दीत गेला. सेवानं त्याच्या डोक्यावर ठेवायला उचललेला हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला. दोघांचं बोलणं पुढं पावसाळ्यात सुरू झालं. तेही टायरच्या निमित्तानं नाही, एका लग्नाच्या पंगतीत, मीठ वाढ म्हणून.

होळीनंतर पंधरा दिवसांनी प्रयोग संपला. पुजा परत शंकरसिंगच्या ढाब्यावर आली आणि एकेका गाडीची डबी काढू लागली. सेवाची पाळी आली. तिनं वायर सोडवली, चार स्क्रू काढले, टपावरची शेंडी उतरवली. सेवा दाराशी उभा राहून बघत होता.

"मॅडम, एक विचारू?"

"विचारा ना."

"मी पाच महिने चालवली हिच्यासंगं. सपनाताईनं ब्रेक मारला तवा मला कळलं. मंग मी ब्रेक मारत व्हतो तवा?"

"तुमचंही दुसऱ्यांना कळत होतं."

"माझं?"

"तुमची डबी सेकंदाला दहा वेळा सांगते, मी इथं आहे, या वेगानं चाललोय, या बाजूला चाललोय. आणि जोरात ब्रेक मारला की तेही सांगते."

सेवा हिशोब करायला लागला. पाच महिने, सेकंदाला दहा वेळा. एवढं तर तो आयुष्यात कोणाशी बोलला नव्हता. केबिनमध्ये एकटा बसून गाणं गुणगुणत असताना, विकासचा विचार करत असताना, ढाब्याच्या पुढं झाडाखाली गाडी घेऊन पाच मिनिटं डोळे मिटले असताना.

"कोणी थांबलं का माझ्या सांगण्यानं?"

"थांबलं असेल, काका. नोंदीत तुमचे तेवीस जोराचे ब्रेक आहेत. त्यातले नऊ दुसऱ्या गाड्यांना पोचलेत. पुढं त्यांनी काय केलं, ते कोण होते, ते नाही कळत."

"नऊ."

"हो."

तो आठवायला लागला. एकदा कुत्रं आडवं आलं होतं. एकदा बाळापूरच्या बाजाराच्या दिवशी एक सायकलवाला. एकदा नुसताच, पुलावर, झोपेची झापड आली असं वाटून. तिसऱ्यानंतर त्याला आठवेना. नऊपैकी सहा वेळा आपण कोणाला काय म्हणालो, याचा त्याला काही पत्ता लागेना.

"म्हणजे मी बी बोलत व्हतो," तो म्हणाला.

"सगळेच बोलत होते."

पुजानं डबी खोक्यात ठेवली. त्यात आधीच्या गाड्यांच्या दहा-बारा डब्या होत्या, सगळ्या एकसारख्या. तिनं त्याला एक कागद दिला, प्रयोग उपयोगी वाटला का, हो किंवा नाही. सेवानं पेन घेतला आणि बराच वेळ दोन्ही चौकटींकडं बघत राहिला. शंकरसिंगनं आतून हाक मारली, जेवण वाढलंय. शेवटी त्यानं हो वर खूण केली, आणि खाली मोकळ्या जागेत, जिथं काही लिहायला सांगितलं नव्हतं, तिथं मोठ्या अक्षरात लिहिलं: ट्रॉलीला बी बसवा.

मग हात धुवायला गेला.